आधी नेमणूक, मग राजीनामा

१

विज्ञानाच्या बाईंनी भिंतीवरची यादी टाचण्यांसकट उपटली आणि तशीच फडफडवत त्या शिक्षण कार्यालयाच्या मोठ्या दालनात घुसल्या.

“ही कोणी लावली?”

सगळी टेबलं एकदम कामाला लागली. ज्यांच्याकडे काम नव्हतं त्यांनी ड्रॉवर उघडून आत डोकं घातलं.

यादी होती सेवाज्येष्ठतेची. जो सगळ्यांत वर, तो मोठ्या शाळेचा पुढचा मुख्याध्यापक, एवढा साधा हिशेब. गेल्या वर्षापर्यंत सगळ्यांत वर बाईंचं नाव होतं. आता तिथे खेळाचे सर होते, ज्यांना गावभर शिट्टी सर म्हणत. बाई एकदम तळाला घसरल्या होत्या आणि नावापुढे शेरा होता: सेवेत खंड.

अधीक्षक केबिनमधून बाहेर आले. आवाज लोण्यासारखा. “बाई, बसा. पाणी घ्या. तुमचीच फाईल दाखवतो.”

कार्यालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या फायली गेले काही महिने संगणकात जात होत्या. ही अधीक्षकांचीच मोहीम. प्रत्येक सभेत ते तिच्याबद्दल असे बोलत, जणू वीज यांनीच शोधली. त्यांनी पडद्यावर बाईंची फाईल उघडली, वर्षं सरकवली आणि थांबले.

बाईंनी मोठ्याने वाचलं. “हा आदेश. मला पुन्हा नोकरीवर घेतल्याचा, शाळा उघडली त्या दिवसाचा. आणि हे पुढचं पान... माझा राजीनामा? सुट्टीच्या आधीचा?” त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “वा! आधी मला परत घेतलं आणि मग मी सोडून गेले.”

“पानं मागेपुढे झाली असतील. मुद्दा तो नाही. तुम्ही राजीनामा दिलात, सुट्टीनंतर परत आलात. मधे खंड पडला. खंड पडला की आधीची सेवा मोजत नाहीत.”

“मी आयुष्यात राजीनामा दिलेला नाही.”

“सही तुमची आहे.”

“माझ्यासारखी आहे. मूळ कागद काढा.”

अधीक्षकांनी हात पसरले. “स्कॅन झालं की कागद कापायचा, हा नियमच आहे. त्या वर्षाची पगारपत्रकंही कापली गेली. आणि आदेशावर सही करणारे साहेब आता हयात नाहीत.”

कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र घरघरत होतं. शेजारी पोती होती. पोत्यांत माणसांच्या नोकऱ्या होत्या, शेवयांसारख्या चिरलेल्या.

“म्हणजे खोटं सांभाळून ठेवलंत आणि खरं कापलंत,” बाई म्हणाल्या.

“असं नका बोलू. इथे एक संमतीची सही करा, खंड मान्य म्हणून. पुढच्या खेपेला तुमचा विचार नक्की करू.”

“एक खोटी सही तुमच्याकडे आहेच. तिला सोबत म्हणून माझी खरी पाहिजे काय?”

बाई उठल्या. सरळ कोपऱ्यात गेल्या आणि कापायच्या यंत्राचा प्लग सुट्या वायरसकट खेचून काढला. घरघर थांबली. मग त्यांनी एक खुर्ची ओढली, यंत्रासमोर मांडली आणि प्लग मांडीवर घेऊन बसल्या.

“तपास होईपर्यंत इथे कोणाचाही कागद कापला जाणार नाही. माझा तर नाहीच, तुमचाही नाही.”

दालनातली डोकी ड्रॉवरमधून बाहेर आली. अधीक्षक मात्र शांतपणे म्हणाले, “होऊ दे तपास. मीच वर लिहितो. माझ्या कार्यालयात पाणी मुरतंय असं कोणी म्हणायला नको.”

आणि खरंच लिहिलं. तिथेच त्यांचं चुकलं.

२

वरच्या कार्यालयातून आलेल्या तपासणी अधिकारी बाईंना सगळ्या विभागात टाचणी म्हणत. तिला ते माहीत होतं. ती बुटकी, सडपातळ आणि बोलायला टोकदार होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

बुधवारी सकाळी ती आली. यादी शुक्रवारी कायम होणार होती. एकदा कायम झाली की कोर्टात जा, केस पांढरे करा आणि निवृत्तीनंतर न्याय घ्या. टाचणीने असे जिंकलेले लोक पाहिले होते. त्यांच्या एका हातात निकाल असतो आणि दुसऱ्या हातात काठी.

दालनात शिरताच तिला विज्ञानाच्या बाई दिसल्या. त्या यंत्रासमोर उत्तरपत्रिका तपासत होत्या.

“शाळा?” टाचणीने विचारलं.

“रजा टाकलीय. माझ्या हक्काची. ती तरी अजून कोणी खाल्ली नाही.”

“तुम्हाला संशय कोणावर आहे?”

“मला संशय नाही, राग आहे. संशय घ्यायला तुम्ही आलात ना?”

टाचणीला बाई आवडल्या. तिने तसं दाखवलं नाही.

पहिली गाठ रेकॉर्डवाल्या मावशींची. संगणकाच्या केबिनबाहेरच्या बोळात त्यांचं टेबल होतं. टेबलावर जुन्या फायलींचा ढीग आणि हातात कात्री.

“काम काय तुमचं?”

“मारेकऱ्याचं,” मावशी म्हणाल्या. “जन्मभर ज्या फायली सांभाळल्या, त्यांचे गळे कापते. हे बघा.” त्यांनी एक फाईल ओढली. सगळ्या पानांच्या डाव्या कोपऱ्यात भोक आणि भोकांतून ओवलेली नाडी. मावशींनी नाडी कापली आणि त्याच झटक्यात, पत्ते वाटावे तशी पानं सरसर एकावर एक टाकत, अख्खा गठ्ठा उलटा केला.

“उलटा कशाला?”

“फाईलमध्ये नवा कागद नेहमी वर येतो बाई. तळाला सगळ्यांत जुना. पण मशीनमध्ये जुन्यापासून सुरुवात हवी, म्हणून साहेबांनी आदेश काढला: उलटे करून द्या. करते उलटे. नाडी कापायची, उलटा करायचा, रबर लावायचा, ट्रेमध्ये टाकायचा. बाकी आत त्या पोराचं राज्य.”

“तुम्हाला मशीन आवडत नाही.”

“मशीनने माझं काय वाकडं केलंय? मला राग आहे घाईचा. मी म्हटलं होतं, कापायच्या आधी ज्याची फाईल त्याला दाखवा. या बाईंनीही भर सभेत हेच विचारलं होतं. साहेब म्हणाले, वेळ नाही.” मावशींनी आवाज खाली आणला. “त्या दिवशी साहेबांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या!”

काचेच्या केबिनमध्ये संगणकवाला बसला होता. ठेकेदाराचा माणूस, कानात कायम गाणी.

“ट्रेमध्ये आलं ते मी मशीनला भरवतो,” तो म्हणाला. “वाचत नाही. वाचलं तर वेड लागेल.”

“आत कोण कोण येतं?”

“कार्डाशिवाय दार उघडत नाही. एक कार्ड माझं, एक साहेबांचं.”

“बाईंची फाईल आली त्या दिवशी केबिन सोडली होती?”

“जेवायला... नाही, डबा इथेच खातो. हां, साहेबांनी वरच्या मजल्यावर पाठवलं होतं. प्रिंटर बंद पडलाय म्हणे. गेलो, तर प्लगच लावलेला नव्हता. या कार्यालयात प्लगांना काहीतरी शाप आहे.”

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. टाचणी हसली नाही. तिने प्रत्येकाला लावलं होतं तसं त्यालाही त्याचा जबाब त्याच्याच हाताने एका कागदावर लिहायला लावला, तारखेसकट.

अधीक्षकांनीही लिहिला. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. वर चहाही पाजला.

“तुम्हाला म्हणून सांगतो,” ते म्हणाले, “मावशींवर लक्ष ठेवा. त्यांची रेकॉर्डची खोली बंद होतेय. नव्या पद्धतीची बदनामी झाली तर त्यांनाच आनंद.”

३

दुपारी टाचणीने विज्ञानाच्या बाईंना संगणकासमोर बसवलं. प्लग बाईंनी पर्समध्ये टाकून आणला होता.

“अक्षरं वाचू नका,” टाचणी म्हणाली. “अक्षरं कोणीही खोटी लिहितो. फक्त डावा कोपरा बघा.”

पानं सरकू लागली. नेमणुकीचं पत्र, कोपऱ्यात काळा ठिपका. पहिली वेतनवाढ, ठिपका. प्रशिक्षण, ठिपका. प्रत्येक पानावर नाडीचं भोक काळं उमटलं होतं.

मग पुन्हा नेमणुकीचा आदेश आला. कोपरा कोरा.

राजीनामा. कोपरा कोरा.

त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा ठिपका.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. “ही दोन पानं नाडीत कधी ओवलीच नव्हती.”

“म्हणजे फाईलमध्ये ती इतकी वर्षं नव्हतीच. नाडी कापल्यावर कोणीतरी सरकवली. मावशींच्या कात्रीपासून मशीनच्या तोंडापर्यंत, तेवढ्याच वाटेत.”

“मग झालं की! लिहा आणि मला मोकळं करा.”

“असं लिहिलं तर अधीक्षक म्हणतील, भोक फाटलं होतं, कागद नंतर लावला, मशीनने ठिपका पुसला. दहा सबबी निघतील आणि शुक्रवार उलटेल. मला हात पाहिजे. कोणाचा हात, ते सांगता आलं पाहिजे.”

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. “परत मागच्या पानावर या. पहिल्या दिवशी मी चेष्टेत म्हटलं होतं. आधी नेमणूक, मग राजीनामा. बाकी अख्खी फाईल जुन्याकडून नव्याकडे जाते. हीच दोन पानं उलटी का?”

टाचणी पुढे वाकली. तिने दोन्ही पानांच्या तारखा वहीत उतरवल्या.

मग दारावर टकटक झाली. ट्रॅकसूट घातलेला एक आडदांड माणूस, गळ्यात शिट्टी, दारात उभा होता.

“बाई,” तो विज्ञानाच्या बाईंना म्हणाला, “मला तुमची खुर्ची नको आहे. पण ती मला का मिळतेय, ते मला माहीत आहे.”

४

शिट्टी सर स्टुलावर बसले. स्टूल कण्हलं.

“दाजींनी केलं असेल असं मी म्हणत नाही,” त्यांनी सुरुवात केली आणि जीभ चावली.

“दाजी कोण?” टाचणीने विचारलं.

“अधीक्षक. माझ्या सख्ख्या ताईचे यजमान. ऑफिसात मी साहेब म्हणतो, घरी दाजी. ते म्हणाले, तू फक्त सह्या कर, शाळा मी चालवीन. मी म्हटलं, मला मैदान द्या, मला ते पुरे. तर म्हणाले, गप्प बस, ताईचा विचार कर.”

“बाईंची फाईल आली त्या दिवशी तुम्हीही इथे आला होतात, असं मावशींनी लिहिलंय. मावशींच्या टेबलापाशी.”

सर पांढरे पडले. “फोटो द्यायला. माझ्या फाईलला फोटो नव्हता.”

“टेबलावर बाईंचा गठ्ठा होता?”

“असेल. मला गठ्ठ्यातलं काय कळतं? मी चेंडू ओळखतो.”

बाई भडकल्या. “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही तोंडात मूग धरून बसलात?”

“बसलो होतो,” सर म्हणाले. “आता उठलोय.” टाचणीने त्यांचाही जबाब त्यांच्याच हाताने, तारखेसकट लिहून घेतला.

म्हणजे हेतू दोघांना, संधी चौघांना. सर बोलत होते ते खरं असेल किंवा मेहुण्यावर खापर फोडून स्वतः सुटत असतील. टाचणीने एवढी वर्षं नुसती कबुली देणारी माणसं पाहिली नव्हती, कबुलीच्या आड लपणारीही पाहिली होती.

गुरुवारी सकाळी तिने सगळ्यांना पुन्हा एकेक करून बोलावलं. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. “कालच्या जबाबात भर घालायची असेल तर लिहा. नसेल तर तसं लिहा. आजची तारीख घाला. आणि कालचा कागद हा घ्या, दोन्ही टाचून द्या.”

संगणकवाल्याने ‘काही नाही’ असं लिहिलं, कालचा कागद वर ठेवला, आजचा खाली, टाचणी मारली आणि गाणी ऐकत निघून गेला.

शिट्टी सरांनी तीन ओळी लिहायला कपाळाला घाम आणला. कालचा वर, आजचा खाली. टाचणी वाकडी.

मावशींनी आजचा कागद कालच्यावर ठेवला, मग “च्च!” करून दोन्हींची अदलाबदल केली. “मेली सवय. आता सगळं उलटं करायचं ना!” म्हणत त्यांनी कालचा वर करून टाचलं.

अधीक्षकांनी दोन सुबक वाक्यं लिहिली, दोन्ही कागदांच्या कडा टेबलावर ठोकून एकसारख्या केल्या आणि टाचून पुढे सरकवले.

“शुक्रवारी यादी कायम होते,” ते म्हणाले. “आपल्याला उद्यापर्यंत आटपायला हवं, मॅडम.”

“आजच आटपतं,” टाचणी म्हणाली. “सगळ्यांना बोलवा.”

५

दालनात सगळे जमले. टेबलं आता काम करायचं नाटकही करत नव्हती. टाचणीने चारही जबाब मधल्या टेबलावर ओळीने मांडले आणि आधी भोकांची गोष्ट सांगितली.

“म्हणजे ही दोन पानं मावशींनी नाडी कापल्यावर आत गेली. आणि मावशी नाडी कापतात त्याच झटक्यात गठ्ठा उलटा करतात. तेव्हा पानं आत गेली त्या वेळी गठ्ठा सरळ झालेला होता: जुनं वर, नवं खाली. बरोबर, मावशी?”

“बरोबर.”

“आता ज्याने ही दोन पानं तयार केली, त्याने ती जोडीनेच आणली आणि त्या वर्षाची जागा शोधून घाईत सरकवली. पण त्या जोडीत नवं पान वर होतं, जुनं खाली. आधी नेमणूक, मग राजीनामा. अशी जोडी कोण लावतो? ज्याच्या बोटांत जुनी फाईल मुरलेली आहे तो.”

तिने पहिला जबाब उचलला. “संगणकवाले. कालचा वर, आजचा खाली. यांनी आयुष्यात फाईल लावलेली नाही.” दुसरा. “सर. तेच. पुस्तकासारखं, पहिलं पान आधी.” तिसरा. “मावशी. यांच्या बोटांत फाईल आहे. पण रोज गठ्ठे उलटे करून करून यांनी सवय मोडली. चुकल्या आणि तिथेच सुधारल्या. बाईंची फाईल यांनीच स्वतःच्या हाताने उलटी केली होती, ती उलटी आहे हे त्या विसरणं शक्यच नव्हतं.”

चौथा जबाब तिने हातात घेतलाच नाही. तो सगळ्यांना दिसत होता. वर गुरुवार, खाली बुधवार.

“गठ्ठे उलटे करा, हा आदेश तुमचा, साहेब. पण तुम्ही एकही गठ्ठा कधी उलटा केला नाहीत. उंटावरून शेळ्या हाकल्यात. आदेश तुम्ही काढलात, पाळला मावशींनी. म्हणून त्यांची बोटं बदलली, तुमची नाही.”

अधीक्षक हसले. “दोन कागद कसे टाचले यावरून तुम्ही माणसाला चोर ठरवणार? या कार्यालयात निम्मे लोक असंच टाचतात.”

“टाचतात. पण केबिनचं कार्ड निम्म्या लोकांकडे नाही. आणि प्लग काढलेला प्रिंटर दुरुस्त करायला निम्म्या लोकांनी या पोराला वर पाठवलं नव्हतं.”

संगणकवाल्याने कानातली गाणी काढली. “आयला,” तो हळूच म्हणाला. “तो प्लग!”

“आणि कोणत्या वर्षाची पगारपत्रकं आधी कापायची,” मावशी म्हणाल्या, “हेही साहेबांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, इतकी जुनी सोडून हीच का? तर म्हणाले, प्रश्न विचारू नका.”

अधीक्षकांच्या आवाजातलं लोणी वितळलं. खाली नुसतं पातेलं राहिलं.

“प्रश्न! प्रश्न! या बाईला काय येतं दुसरं? कापण्याआधी दाखवा, चुकलं तर जबाबदार कोण, सही कोणाची! ही मुख्याध्यापिका झाली असती तर प्रत्येक आदेशावर ‘का’ लिहून परत पाठवला असता. इतक्या वर्षांनी कार्यालय पुढे न्यायला निघालोय मी! एक माणूस आडवं आलं की सगळं अडतं. केलं मी. कार्यालयासाठी केलं!”

मग शिट्टी सर बोलले, मैदानावरून बोलतात तसं नाही, घरातल्यासारखं.

“दाजी, ताईला आता मी काय सांगू?”

अधीक्षक पहिल्यांदाच खाली बसले.

६

टाचणीचा अहवाल दुपारी वर गेला. संध्याकाळच्या आत उत्तर आलं: यादी थांबवा, खंड रद्द, बाई पुन्हा सगळ्यांत वर, सोमवारपासून मोठी शाळा त्यांच्याकडे, अधीक्षकांनी कार्ड जमा करावं.

त्यांच्या जागी आलेले तात्पुरते अधीक्षक भला माणूस होते आणि भल्या माणसांना नेहमी घाई असते. “बाई, झालं गेलं विसरा. ती दोन पानं आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकतो. फाईल स्वच्छ! विषय संपला.”

“हात लावायचा नाही,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

“अहो, पण ती खोटी आहेत.”

“म्हणूनच. पुसलीत तर उद्या कोणी म्हणेल, असं काही झालंच नव्हतं, बाईंना उगाच भांडायची खोड. ती तिथेच राहतील, त्याच उलट्या क्रमाने. आणि शेजारी शेरा येईल, खोटं कोणी घातलं आणि कसं पकडलं त्याचा. माझी फाईल स्वच्छ नकोय मला. खरी पाहिजे.”

तात्पुरत्या अधीक्षकांनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने संगणकवाल्याकडे पाहिलं. “शेरा घालता येतो?”

“येतो की,” तो म्हणाला. “कोणी सांगितलंच नव्हतं.”

“आणखी एक,” बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून प्लग काढून टेबलावर ठेवला. “मी मशीनच्या विरुद्ध नाही. उंदरांनी कुरतडलेल्या फायलींवर माझं प्रेम नाही. पण इथून पुढे ज्याची फाईल त्याला आधी पडद्यावर दाखवायची. तो म्हणेल ठीक, मगच कागद कापायचा. शिपायापासून साहेबापर्यंत. हे लेखी द्या, प्लग घ्या.”

“आणि नाही दिलं तर?”

“सोमवारपासून मी मुख्याध्यापिका आहे,” बाई म्हणाल्या. “तुमचा प्रत्येक आदेश माझ्याकडेच येणार आहे.”

आदेश तिथल्या तिथे टाइप झाला. बाईंनी तो दोनदा वाचला, मग प्लग पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी बोळात रांग लागली. शिक्षक, शिपाई, ग्रंथपाल, कोणी निवृत्तीला आलेले, कोणी कालच लागलेले, आपापली नोकरी पडद्यावर बघायला आले होते. कोणाची जन्मतारीख चुकलेली निघाली, कोणाला भलत्याच शाळेत बदली झाल्याचं कळलं. दालनात कधी नव्हे तो आवाज चढला होता. टाचणी बॅग घेऊन निघाली तेव्हा तिला त्या आवाजाचं बरं वाटलं.

मावशींनी ढिगातली पुढची फाईल ओढली, वरचं नाव वाचलं आणि कात्री थांबवली.

“आपल्या जुन्या साहेबांची आहे.”

रांगेतल्या माना लांबल्या. मावशींनी शांतपणे नाडी कापली, गठ्ठा उलटा केला, रबर लावला आणि ट्रेमध्ये ठेवला.

“बोलवा त्यांना,” त्या म्हणाल्या. “कापायच्या आधी दाखवायचीय.”